पेटीतली बावीस चित्रं

नूतन येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. सप्टेंबर संपल्यापासून तिने चर्चची पायरी चढली नव्हती. आणि एक जानेवारीला, रविवारी, ती आली ती नेमकी अशा वेळी, की द्रौपदाबाईंच्या हातात सूप होतं आणि सुपात पालथी घातलेली चित्रं.

धुळ्याच्या देवपुरातून नकाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या पत्र्याच्या चर्चमध्ये वर्षाची सुरुवात सुपातून चित्र उचलून होते. इतर चर्चच्या मंडळ्यांत वचनाच्या चिठ्ठ्या काढतात. घरटी एक चिठ्ठी, तिच्यावर बायबलमधली एक ओळ, आणि ती ओळ त्या घराने वर्षभर पुरवायची. ही मंडळी सुरू झाली तेव्हा तिच्यात वाचता येणारे दोघेच होते. म्हणून चिठ्ठीच्या जागी चित्र आलं. जाड पुठ्ठ्यावरची, कोणा परदेशी मॅडमने मागे सोडलेली चित्रं. बायबलच्या जुन्या कराराची लाल काठाची, नव्या कराराची निळ्या काठाची. प्रत्येक घराने गेल्या वर्षीचं परत करायचं, न बघता नवं उचलायचं, आणि वर्षभर ते घरात लावायचं. गोष्ट सांगायला द्रौपदाबाई घरी यायच्या. 'यंदा आमच्याकडे योना आहे' असं लोक सहज बोलायचे, जसं एखाद्याने पाहुणा आलाय म्हणून सांगावं. माशाने गिळलेला योना आलेलं घर वर्षभर तापीत पोहायला जात नसे. महापुरातला नोहा आला की छपराचे पत्रे बदलायचे.

द्रौपदाबाई बैसाणे एकाहत्तर वर्षांच्या. एका शाळेत आया होत्या, आता निवृत्त आहेत. चर्चच्या मागच्या खोलीत एकट्या राहतात. नवरा जीवराम गवंडीकाम करायचा, तो जाऊन बावीस वर्षं झाली. बाप्तिस्मा झाला तेव्हा पाळकांनी रूथ हे नाव सुचवलं होतं. 'आईनी ठेयेल नाव शे, ऱ्हाऊ द्या,' एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. गोष्टी त्या शेवंताबाईंकडून शिकल्या. शेवंताबाई म्हणजे मंडळीची बायबलबाई, गावोगाव फिरून बायकांना गोष्टी सांगणारी. तरुणपणी द्रौपदाबाई त्यांची पिशवी उचलून मागे चालायच्या. चाळीस वर्षांपूर्वी शेवंताबाईंनी चित्रांचा गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्यानंतर स्वतः कधी फिरायला गेल्या नाहीत.

मंडळीत अकरा घरं. शहरातल्या कमिटीने दिवाळीत कळवलं होतं, की ईस्टरपर्यंत रविवारची हजेरी पंचवीस मोठ्या माणसांच्या खाली राहिली तर इथली उपासना बंद करून सगळ्यांना शहरातल्या चर्चमध्ये सामील करून घेतलं जाईल. ऑक्टोबरपासून हजेरी सोळाच्या वर गेलेली नव्हती. नूतनचं घर यायचं थांबलं आणि तिच्या नवऱ्याचे, लोटनचे, तिघे भाऊही थांबले. अकरातली चार घरं.

का थांबले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या एक जानेवारीला नूतनच्या घराला याईराच्या मुलीचं चित्र निघालं होतं. बारा वर्षांची मुलगी मरण पावते, येशू तिचा हात धरतो आणि ती उठून बसते. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, कारण नूतनची मृणाली अकरा वर्षांची होती. सप्टेंबरमध्ये मृणालीला डेंगी झाला. चार दिवसांत प्लेटलेट खाली आल्या. पाचव्या दिवशी ती गेली.

तर नूतन आत आली. अंगावर रोजची साडी, सोबत कोणी नाही. ती सरळ पुढे गेली आणि पिशवीतून याईराच्या मुलीचं चित्र आणि दिरांच्या घरची तिन्ही चित्रं काढून सुपात टाकली. मग द्रौपदाबाईंच्या हातातून सूप घेतलं.

"नूतन, बस ना बेटा," पुना नाना म्हणाले. मंडळीतले सर्वांत वयस्क, अंगाने भारी, म्हणून उपासनेत खुर्ची फक्त त्यांना असते. बाकीचे सतरंजीवर.

नूतनने सूप प्रभुभोजनाच्या टेबलावर रिकामं केलं आणि चित्रं ओळीने लावायला सुरुवात केली. चित्राची बाजू खाली, कोरी बाजू वर; काठाचा रंग दोन्ही बाजूंना होता. कोऱ्या बाजूच्या कोपऱ्यात बारीक उभ्या-तिरप्या रेघा होत्या. द्रौपदाबाईंनी त्या हजार वेळा पाहिल्या होत्या. कापडाच्या ताग्यावर गिरणीची खूण असते तसं काहीतरी असेल, असं त्यांनी धरलं होतं.

"हे आकडे आहेत," नूतन म्हणाली. "रोमन आकडे. पाचवीच्या गणितात पहिलाच धडा आहे. जूनमध्ये मृणालीने चित्र भिंतीवरून काढून मागे पाहिलं. म्हणाली, आई, हे चौदा आहे. मग आधीची तेरा कोणाकडे आहेत, ते आपण शोधू."

 तरुण पाळक युवराज हातातलं गीतपुस्तक बंद करून पुढे आले. शहरातून महिन्यातून दोनदा मोटारसायकलवर यायचे, या मंडळीत येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं.

"लाल एक, दोन, तीन," नूतन बोट ठेवत गेली. "मग सहा. चार आणि पाच नाहीत. निळं दहा नाही, अकरा नाही. लाल काठाचा शेवटचा आकडा तीस, निळ्याचाही तीस. म्हणजे साठ पाहिजेत. हे अडतीस आहेत. बावीस कुठे आहेत, अक्का?" तिने द्रौपदाबाईंना विचारलं.

"उंदीर लागना व्हई," पुना नाना हसून म्हणाले.

द्रौपदाबाईंच्या कानात गरम वारा शिरावा तसं झालं. चाळीस वर्षं जे कोणालाच कळलं नव्हतं ते पुठ्ठ्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं आणि दर वर्षी त्या स्वतःच ते सगळ्यांच्या हातात देत होत्या. खोटं बोलता आलं असतं. उंदरांचं निमित्त तर नानांनी आयतंच दिलं होतं.

"मन्ही पेटीमा शेतस," त्या म्हणाल्या.

झालं होतं ते असं. पहिल्या वर्षी सगळी साठ चित्रं सुपात होती. एका घराला काइन आणि हाबेल निघाले. भावाने भावाला मारलं ते. त्या घरातल्या दोन भावांचं आधीच जमत नव्हतं. चार महिन्यांत धाकटा बायकापोरांसह सुरतला गेला आणि मंडळीतून एक घर कमी झालं. द्रौपदाबाईंनी ते चित्र काढून ठेवलं. दुसऱ्या वर्षी ईयोब निघाला, राखेत बसलेला, अंगभर फोड आलेला. त्या घराची म्हैस मेली आणि माणसं यायची बंद झाली. ईयोबही पेटीत गेला. तिसऱ्या वर्षी त्यांनी काही घडायची वाट पाहिली नाही. ज्या चित्रात मढं, मरणारं माणूस, आग किंवा कापलेलं काही होतं ते त्यांनी स्वतःच निवडून काढलं. उरली ती चांगल्या शेवटाची अडतीस.

"म्हंजे देवना हात समजीसन मी चाळीस साल चित्र काढं," पुना नाना खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाले, "आन् हात तुना व्हता?"

"आन् माले तीनदा नोहा उना!" मागून भिकन ओरडला. "तीन येळा पत्रा बदला मी! अक्का, सांगी तरी देती!"

दोघेतिघे हसले आणि मध्येच थांबले. नूतन हसत नव्हती.

"का केलं, अक्का?" पाळकांनी विचारलं.

"मंडळी टिकावा म्हनीसन."

"दवाखान्यात तुम्ही मला काय म्हणाला होतात?" नूतनने विचारलं. "सांगा सगळ्यांना."

द्रौपदाबाईंना शब्दन् शब्द आठवत होता. चौथ्या दिवशीची संध्याकाळ, दवाखान्याच्या जिन्याखालचा बाक. त्यांनी नूतनचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, 'तुन्हा घरमा कोनतं चित्र शे? याईरनी पोर. मंग भेवानं काय काम? उठी ती.' तसं म्हणायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना आशा वाटत होती असंही नव्हतं. मुलीचा चेहरा त्यांनी पाहिला होता. मंडळीतून आणखी एक घर जाईल अशी भीती वाटली होती.

त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं. शेवटचे दोन शब्द मात्र नूतनने पुरे केले. "'उठी ती,' असं म्हणालात. आता ती पेटी आणा."

भिकन आणि पाळक पेटी उचलून घेऊन आले. तळाशी, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली चित्रं होती. नूतन एकेक उघडत गेली आणि माणसं सतरंजीवरून उठून टेबलाभोवती जमली. जळणारं शहर. झाडाला केसांनी लटकलेला राजपुत्र. ताटात ठेवलेलं डोकं. खिडकीतून खाली टाकलेली राणी आणि खाली कुत्री. एका बाईने तोंडाला पदर लावला. "हाई बायबलमा शे?" तिने पाळकांना विचारलं. पाळकांनी मान डोलावली. त्यांनाही ही सगळी अशी एकावर एक बघायची सवय नव्हती.

नूतन लाल तेविसावर थांबली. खडकावर गोणपाट पसरलेलं. त्यावर एक बाई उभी, हातात काठी, वर घिरट्या घालणारी गिधाडं. बाईच्या मागे काही लांबट आकार होते. चित्रकाराने ते मुद्दाम धुरकट ठेवले होते.

"ही कोण?"

"रिस्पा."

"काय करते?"

द्रौपदाबाईंनी ही गोष्ट एकदाच ऐकली होती. सोनगीरच्या रस्त्यावर एका निंबाखाली शेवंताबाईंनी ती सांगितली होती आणि पुढच्या गावापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. स्वतः द्रौपदाबाईंनी ती कधी कोणाला सांगितली नव्हती. आपल्याला ती आठवते की नाही हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्या सतरंजीवर बसल्या.

"तीन साल दुष्काळ व्हता," त्यांनी सुरुवात केली. "राजा दावीद..."

दावीद राजाने देवाला विचारलं, की हा दुष्काळ कशामुळे. उत्तर आलं, आधीच्या राजाने, शौलाने, गिबोनी लोकांना मारलं होतं, त्यांच्या रक्ताचं ऋण देशावर आहे. दाविदाने गिबोन्यांना विचारलं, काय दिलं म्हणजे फिटेल? ते म्हणाले, शौलाच्या वंशातले सात जण आमच्या हाती दे. दाविदाने दिले. पाच नातू आणि रिस्पाची दोन मुलं. रिस्पा ही शौलाची ठेवलेली बाई.

"कोनता दावीद?" पुना नाना म्हणाले. "गल्याथले मारणारा?"

"तोच."

"दाविदानी पोरे दिनात?" नाना पाळकांकडे वळले. नानांच्या घरात दोन वर्षं दावीद आणि धिप्पाड गल्याथ होते. ते चित्र त्यांनी कपाटात काचेमागे लावलं होतं. पाळकांनी बायबल उघडलं. शोधायला त्यांना वेळ लागला. "दुसरे शमुवेल, एकविसावा अध्याय," ते म्हणाले आणि मनातल्या मनात वाचत गेले. "आहे, नाना. असंच आहे."

नाना खुर्चीत बसले.

सातही जणांना डोंगरावर फाशी दिलं, द्रौपदाबाई पुढे सांगू लागल्या. कापणीचे दिवस होते. खाली उतरवायचं नाही, असा हुकूम. रिस्पाने गोणपाट घेतलं, खडकावर पसरलं आणि तिथे बसली. दिवसा पाखरांना जवळ येऊ दिलं नाही, रात्री जनावरांना. कापणीपासून आभाळातून पाणी पडेपर्यंत.

"म्हणजे उन्हाळाभर?" भिकनच्या बायकोने विचारलं.

"उन्हायाभर."

धुळ्याचा उन्हाळा माहीत असलेल्या माणसांना यापुढे काही सांगायची गरज नव्हती. कोणीतरी 'अरे देवा' म्हटलं.

"उठली का तिची मुलं?" नूतनने विचारलं.

"नही."

"देव आला?"

"नही उना."

"मग काय झालं?"

"राजाले कयनं. एक बाई अशी बठेल शे म्हनीसन. मंग त्यानी हाडं गोया करात. शौलना, त्याना पोऱ्याना, ह्या बठ्ठासना. आन् माती दिन्ही. त्याना बाद देवनी देशनं आयकं."

नूतन चित्राकडे बघत राहिली. "उठतील असं तिला कोणी सांगितलं होतं का?"

"कोनी नही."

नूतनने लाल तेवीस पिशवीत घातलं.

"न बघता काढावं लागस," पुना नानांच्या तोंडून गेलं. "निवडता येत नही, बेटा."

"चाळीस वर्षं निवडूनच दिलीत ना आम्हाला," ती म्हणाली आणि निघून गेली.

बाकीच्या घरांची चित्रं काढायची राहिली होती. द्रौपदाबाईंनी सगळी एकोणसाठ सुपात टाकली आणि सूप पुढे धरलं. हात घालायला कोणी पुढे आलं नाही. शेवटी नाना म्हणाले, पुढल्या रविवारी बघू. चहा केलेला होता, तो तसाच राहिला. चित्र न काढता नवं वर्ष सुरू व्हायची मंडळीत ही पहिलीच वेळ. पाळकांनी जाता जाता हजेरीवही पिशवीत टाकली. पंधरा.

मंडळी आपणच बुडवली, हे द्रौपदाबाईंना आता कोणी वेगळं सांगायला नको होतं.

मंगळवारी सकाळी लोटन आला. तो मालवाहू टेम्पो चालवतो; गाडी दारात उभी न करता रस्त्यावर लावून चालत आला. "अक्का, नूतनने बोलावलंय," तो म्हणाला. "चित्राची गोष्ट सांगायला."

नूतनच्या घरी चारही भावांची घरं जमली होती. खोलीत चौदा माणसं. नूतनचं शिलाई मशीन भिंतीला सरकवलेलं. ज्या खिळ्यावर पूर्वी याईराची मुलगी होती त्या खिळ्यावर रिस्पा लटकत होती. द्रौपदाबाईंनी चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या आतच थांबल्या.

"आधी म्हणा," नूतन म्हणाली, "की दवाखान्यात खोटं बोललात."

द्रौपदाबाईंनी आयुष्यात पाळकांपुढे, नवऱ्यापुढे, शाळेच्या हेडमास्तरांपुढे बरंच काही कबूल केलं होतं. हे त्यांच्या तोंडातून निघायला वेळ लागला.

"खोटं बोलनू मी. माले माहीत नव्हतं. तरी बोलनू."

"बसा. आता सांगा."

त्यांनी सांगायला घेतली. रविवारपेक्षा नीट आठवत होती. दुष्काळ, दाविदाचा प्रश्न, सात जण, गोणपाट, खडक. पाखरांपर्यंत आल्या तेव्हा लोटनने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"रात्री पण बसायची ती?"

"रातले बी."

"मी नव्हतो थांबलो," लोटन म्हणाला. तो कोणाकडे बघत नव्हता. "पाचव्या दिवशी पहाटे मी शिरपूरला माल घेऊन गेलो. नूतन नको म्हणत होती. मी म्हटलं, अक्का म्हणाल्यात ना उठेल. मग माझं इथे काय काम? फोन आला तेव्हा मी गाडीतली पोती उतरवत होतो."

 तो का गेला हे त्याच्या भावांनाही माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. द्रौपदाबाईंना वाटत होतं, की आपल्या त्या दोन शब्दांचं जे व्हायचं होतं ते होऊन गेलं. घर तुटलं, मंडळी तुटली. त्या शब्दांवर विसंबून एक बाप मुलीच्या उशापासून उठून गेला होता, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांचा उजवा हात गोष्ट सांगताना वर गेला होता, पाखरं हाकलल्यासारखा. तो तसाच वर राहिला. गोष्ट थांबली.  पुढचं वाक्य आलं नाही.

लोटनचा थोरला भाऊ उठायला लागला. नूतनने त्याला हातानेच बसवलं.

"पुढचं मी सांगते," ती म्हणाली.

आणि तिने सांगितलं. अहिराणीत नाही, तिच्या पद्धतीने, कपड्याचं माप सांगावं तसं. ती बाई उन्हात बसून राहिली. मुलं उठणार नाहीत हे तिला माहीत होतं. तिला एवढंच पाहिजे होतं, की त्यांना कोणी टोचू नये आणि त्यांची माती व्हावी. ती उठली नाही म्हणून लोकांनी राजाला सांगितलं. राजाला लाज वाटली असेल. तसं लिहिलेलं नाही, पण वाटली असेल. त्याने हाडं गोळा केली.

"मृणालीची माती तू केलीस," ती लोटनला म्हणाली. "शिरपूरहून परत येऊन. खड्डा दुसऱ्या कोणाला खणू दिला नाहीस. ते मी पाहिलंय."

लोटन हुंदका देऊन रडला नाही. त्याने डोकं मशीनच्या लाकडी फळीवर टेकवलं आणि बराच वेळ तसाच बसला. थोरल्या भावाची बायको चहा ठेवायला उठली. द्रौपदाबाईंचा हात नूतनने खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.  चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "रविवारी येतो आम्ही. सगळे. पण तुम्ही अर्धी गोष्ट सांगितलीत तर मी तिथेच उभी राहून उरलेली सांगेन."

रविवारी चार घरं आली. पाळकांनी वहीत एकोणतीस लिहिलं आणि पुन्हा मोजून खात्री केली. उपासनेनंतर द्रौपदाबाईंनी सूप पुढे आणलं. राहिलेली दहा घरं एकमेकांकडे बघत राहिली. भिकन म्हणाला, "नाना, तुम्ही वयानी मोठा शेतस."

"मराले मी पुढे का?" नाना म्हणाले, पण त्यांनी हात घातला.

चित्रात एक जाडा म्हातारा होता. वेशीजवळच्या आसनावरून तो मागे कोसळत होता, हात हवेत, समोर धापा टाकणारा निरोप्या. नानांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मग सगळ्यांना दाखवलं. कोणी हसायचं धाडस केलं नाही.

"कोन शे हाऊ?"

"एली याजक. त्याना दोन्ही पोऱ्या लढाईमा मरनात, तो निरोप येस. देवना कोश, ती पवित्र पेटी, बी गया म्हंतस. तो आयकस आन्..."

"खुर्चीवरून पडस?"

"पडस."

नानांनी चित्र खाली ठेवलं. मग उठले, आपली खुर्ची भिंतीला लावली आणि कमरेला हात देत सतरंजीवर, लोटनच्या शेजारी बसले. आता मात्र सगळे हसले, लोटनसुद्धा.

"सांग," नाना म्हणाले. "पुरी सांग."

द्रौपदाबाईंनी सांगायला सुरुवात केली. म्हाताऱ्याची वाईट चालीची मुलं, त्याने त्यांना न आवरणं, लढाई, वेशीजवळ वाट बघणं. शेवटी एली मरतो, त्याची मान मोडते, आणि त्या गोष्टीत त्याला कोणी उठवत नाही. तिथपर्यंत आल्यावर त्यांनी सवयीने मान वर करून पाहिलं, कोण उठून जातंय का ते. सगळे जागेवर होते.